दोन आसनं, एकशे एकोणनव्वद किलो

प्रकरण वरवर पाहता किरकोळ आहे. इंग्लंडमध्ये, बेडफर्डशरमधल्या एका शेतात गवताची धावपट्टी, तिच्या टोकाला पत्र्याचा हँगर आणि त्यात चौघांच्या भागीदारीतलं एक आयकारस सी-४२, मायक्रोलाइट वर्गातलं हलकं विमान. चौघांतला एक कोल्हापूरकडचा. त्याचे सासरे उन्हाळ्यात लेकीकडे राहायला आले होते आणि त्यांना जावयाच्या विमानात बसायचं होतं. जावयालाही त्यांना बसवायचंच होतं. परवाना होता, विमा होता, विमान धडधाकट होतं, जुलैची हवा होती. तरीही उड्डाण ठरलं तसं झालं नाही. मी त्या चौघांतलाच एक. लॉगबुकं आणि जमाखर्च माझ्याकडे असतो, त्यामुळे आकडे हाताशी आहेत. नावं कुणाचीच देत नाही, त्यांची गरजही नाही. सासऱ्यांना सगळे मामा म्हणत, तेवढं पुरे.

विमान आणि चौघं

मायक्रोलाइट म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतं ते तिकोनी पंखाखाली उघड्यावर बसलेला माणूस घेऊन किनाऱ्यावर घिरट्या घालणारं यंत्र. तेही मायक्रोलाइटच. ब्रिटनमध्ये हा छंद सत्तरच्या दशकाच्या शेवटी हँग ग्लायडरला इंजिनं जोडण्यातूनच वाढला, १९७९ मध्ये त्याची संघटनाही उभी राहिली. सी-४२ मात्र दारं-खिडक्यांचं, वर पंख असलेलं, शेजारी शेजारी दोन आसनांचं. दुरून लहानसं सेस्ना वाटतं. आत डोकावलं की फरक कळतो. इंजिनापासून शेपटीपर्यंत अॅल्युमिनियमची एक जाड नळी जाते आणि बाकी सगळा संसार त्या नळीवर टांगलेला. बाहेरचं गुळगुळीत अंग फायबरग्लासचं, केवळ वारा कापण्यापुरतं. पंख म्हणजे नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. पुढे रोटॅक्स ९१२, ८० अश्वशक्तीचं, जेमतेम १.२ लिटरचं इंजिन.

या इंजिनाचं तेल तपासायची एक रीत आहे, ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला चेष्टा वाटते. इग्निशनचे दोन्ही स्विच बंद आहेत याची खात्री करायची, तेलाच्या टाकीचं झाकण उघडायचं आणि प्रॉपेलर हाताने फिरवत राहायचं. दहा-वीस पाती जातात, काही होत नाही. मग अचानक टाकीतून पोट भरल्यावर यावी तशी ढेकर ऐकू येते. इंजिनाच्या तळाशी राहिलेलं तेल टाकीत परतलं, आता पट्टी बुडवून पातळी बघायची. ढेकर न ऐकता पट्टी बघितली तर तेल कमी दिसतं, माणूस वरून आणखी ओततो आणि पुढे ते तेल भलतीकडे बाहेर येतं.

अख्खं विमान पगारदाराला जड जातं, चौथा हिस्सा झेपतो. हँगरचं भाडं, विमा आणि वार्षिक तपासणी सगळ्यांत समान, आणि ज्याने जितके तास उडवलं त्याने तितके पैसे इंजिनाच्या गंगाजळीत टाकायचे. पाच वर्षांनी सगळ्या रबरी नळ्या बदलाव्या लागतात, तेव्हा ही गंगाजळी कामाला येते. परवान्याचं म्हणाल तर मायक्रोलाइटसाठी किमान २५ तासांचं शिक्षण लागतं, त्यातले १० तास एकट्याने. प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच लागतात.

आमच्यातला एक प्लंबर आहे, अंगाने चांगला थोराड, आणि विमानाची बहुतेक देखभाल त्याच्याच हातची. दुसऱ्या एक निवृत्त परिचारिका. आम्ही दोघं मराठी आपापसात त्यांना सिस्टर म्हणतो, आता त्यांनाही ते माहीत आहे. चणीने लहान, पण आमच्यात सगळ्यांत जुना परवाना त्यांचा. तिसरा जावई आणि चौथा मी.

हिशेब

आमच्या विमानाला मंजुरी मिळाली तेव्हाचा नियम असा की या वर्गातल्या दोन आसनी विमानाचं टेकऑफच्या वेळचं एकूण वजन ४५० किलोच्या वर जाता कामा नये. विमानाला स्वतःचं पॅराशूट बसवलेलं असेल तर ४७२.५ किलो. आमच्या विमानाला ते नाही. त्यामुळे ४५०, आणि हा आकडा विमानाच्या मंजूर कागदात लिहिलेला आहे.

आता रिकामं वजन. जुन्या पत्रकात २५७ किलो होतं. पण त्यानंतर ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) बसला, जाड टायर आले, आसनांच्या गाद्या बदलल्या. प्रत्येक गोष्ट एकटी बघितली तर क्षुल्लक. प्लंबरने त्या वसंतात हट्टच धरला की पुन्हा वजन करायचं. दार लावून घेतलं, कारण वाऱ्याची झुळूकसुद्धा पंख उचलते आणि काटा खोटा बोलतो. तीन चाकांखाली तीन काटे, स्पिरिट लेव्हलने विमान समतल, तेल आणि कूलंट भरलेलं, टाकीत न वापरता येणारं तळाचं पेट्रोल तेवढं ठेवलेलं. बेरीज आली २६१. तपासनिसाने सही केली, नवं पत्रक लॉगबुकात लागलं. चार किलो कुठून आले हे कुणालाच सांगता येईना, आणि विमानाच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. ती वयाबरोबर जड होतात, हलकी झालेली मी अजून पाहिली नाहीत.

४५० वजा २६१ म्हणजे १८९ किलो. माणसं, त्यांचे कपडे, बूट, हेडसेट, नकाशा, पाण्याची बाटली आणि पेट्रोल, सगळं या १८९ मध्ये. टाकी ६५ लिटरची आणि पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो. टाकी काठोकाठ भरली तर ४७ किलो तिथेच गेले, दोन माणसांना मिळून उरले १४२. म्हणजे प्रत्येकी ७१, तेही कपड्यांसकट. ४५० किलोचा नियम आखताना प्रत्येक आसनावर ८६ किलोचा माणूस आणि वर साधारण तासाभराचं इंधन मावेल असा हिशेब धरला होता. ८६ दुणे १७२, उरले १७ किलो, म्हणजे तेवीस-चोवीस लिटर. नियम कागदावर तंतोतंत बसतो. फक्त माणसं ८६ किलोची असायला हवीत.

जावई कपड्यांसह ८६ किलो भरतो. नियमातला आदर्श पुरुषच म्हणायचा.

मामा आणि काटा

पाहुण्याला, त्यातही सासऱ्याला, वजन काय असं तोंडावर विचारणं आपल्या रीतीत बसत नाही. जावयाने आधी बायकोकडून काढायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "असतील ऐंशी-पंच्याऐंशी." लेकीचा अंदाज वडिलांच्या बाबतीत दहा वर्षं जुना असतो. इंग्लंडच्या फ्लाइंग क्लबांतही याच जागी घोळ होतो. पाहुणा आकडा कमी सांगतो, वैमानिक संकोचाने तोच लिहून घेतो. म्हणून काही शाळा कार्यालयातच बाथरूमचा काटा ठेवतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला, चेष्टा करत का होईना, त्यावर उभं करतात.

इथे संकोच मामांनीच मोडला. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला होते, तिथूनच निवृत्त झाले. उसाची भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, गव्हाणीवर खाली झाली की रिकामी पुन्हा काट्यावर, दोन्हींतला फरक तो शेतकऱ्याचा ऊस. हंगामात रात्रंदिवस हेच. काटामारीच्या तक्रारी, त्यावरून झालेली भांडणं, सगळं त्यांनी जवळून बघितलेलं. जावयाने आडवळणाने विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, सरळ विचारा की. गाडी रिकामी किती भरते, आणि पासिंग कितीचं?" मग स्वतःच उठून, बूट-कोटासह, काट्यावर उभे राहिले.

हेडसेट धरून ९९ किलो.

८६ आणि ९९, एकशे पंच्याऐंशी. १८९ मधून गेले १८५, पेट्रोलला उरले चार किलो. साडेपाच लिटर. आमचं इंजिन तासाला तेरा लिटरच्या आसपास पितं, म्हणजे पंचवीस मिनिटांचं पेट्रोल. उतरताना अर्ध्या तासाचं शिल्लक असावं, हा आमचा किमान दंडक. दोघं विमानात बसत होते, कायद्यानेही बसत होते. पेट्रोल बसत नव्हतं.

'वीस किलोने काय होतंय?'

या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग इथे आहे, कारण आपली चूक नाही हे पटवून देणारी कारणं भराभर सुचायला लागली, आणि त्यांतलं एकही निव्वळ खोटं नव्हतं.

पहिलं कारण: विमान उडेल. उडेलच. चोवीस-पंचवीस लिटर पेट्रोल घातलं असतं तर एकूण वजन ४६४ झालं असतं, आणखी थोडं घेतलं तर ४७०. ४५० वरून ४७० म्हणजे साडेचार टक्के. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो, वजनाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे दोन टक्क्यांनी, एखादा नॉटसुद्धा नाही. वेगदर्शकाच्या काट्यावर तो फरक दिसणारही नाही. शिवाय याच जातीची विमानं दुसऱ्या देशांत जास्त वजनाला मंजूर आहेत. सांगाडा काही मोडणार नव्हता.

दुसरं कारण जावयाने मांडलं: आता तर मर्यादा ६०० किलो झाली आहे. तेही खरं. ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिटनने मायक्रोलाइटची व्याख्या बदलली. दोन आसनी विमानाला ६०० किलोपर्यंत वाव दिला आणि स्टॉलच्या वेगाची मर्यादा ३५ नॉटवरून ४५ वर नेली. पण व्याख्या म्हणजे वर्गाची भिंत, त्या वर्गात नवं काय येऊ शकतं ते ती सांगते. आधीपासून ४५० ला मंजूर असलेलं विमान त्या दिवशी सकाळी उठून ६०० चं होत नाही. त्याचा आकडा त्याच्या कागदात आहे आणि तो बदलायचा तर कुणीतरी अभियांत्रिकी कागदपत्रं करून मंजुरी आणावी लागते. हा गैरसमज मी इतर भागीदारींतही ऐकला आहे, आणि ऐकवणारे चांगले शिकलेले लोक होते.

तिसरं कारण कुणी बोलून दाखवलं नाही, पण खोलीत सगळ्यांत मोठं तेच होतं: आता मामांना नाही कसं म्हणायचं?

उत्तर द्यायला मी धावपट्टीचा हिशेब काढला. आमची पट्टी ४८० मीटर, टेकऑफच्या दिशेने थोडी चढाची, टोकाला झुडपांची कुंपणरांग. पन्नास फूट उंची गाठेपर्यंतचं पुस्तकी अंतर २३० मीटर धरलं. ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरणाच्या सुरक्षा पत्रकात ठोकताळे दिलेले आहेत आणि ते एकमेकांत गुणायचे असतात, बेरीज करायची नसते. ओलं गवत: तीस टक्के जास्त. दोन टक्के चढ: दहा टक्के जास्त. झाले ३२९ मीटर. त्यावर सुरक्षेचा गुणक १.३३, म्हणजे ४३७. एवढं सगळं ४५० किलोला. वजन दहा टक्के वाढलं तर अंतर वीस टक्के वाढतं. आपले साडेचार टक्के म्हणजे अंदाजे नऊ. ४३७ चे होतात ४७७.

४८० मीटरच्या पट्टीवर ४७७. तीन मीटर मोकळे.

गणित करणारा इथे म्हणेल की सुरक्षेचा गुणक धरूनही बसतंय की. बसतंय, पण पुस्तकी आकडा नव्या विमानाचा, कंपनीच्या सरावलेल्या वैमानिकाचा. त्यात वारा फिरला, गवत कापायला उशीर झाला, टायरमध्ये हवा कमी निघाली, यातलं काहीच धरलेलं नसतं. सुरक्षेचा गुणक या गोष्टींसाठी आहे. त्यात आपल्या सासऱ्यांचे वीस किलो घालून ठेवायचे आणि वर पुन्हा गुणक शाबूत आहे म्हणायचं, हा दुहेरी खर्च झाला. आणि काही बिघडलंच तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा वजनपत्रक मागणार. दोन माणसांची वजनं आणि टाकीतलं पेट्रोल, तीन बेरजा. वकील लागत नाही.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ओव्हरलोड गाडी पुलावरून जातेच हो. रोज जाते." त्यांचं बोलणं मला वरच्या आकडेमोडीपेक्षा नेमकं वाटलं.

काय काय पाहिलं

सेस्ना १५२ भाड्याने घ्यायचा विचार झाला. ते विमान एकूण ७५७ किलोपर्यंत मंजूर, पण त्याचं रिकामं वजनही त्या मानाने दांडगं, त्यामुळे तिथेही दोन भारदस्त माणसं आणि भरली टाकी एकत्र जमत नाहीत. शिवाय जावयाचा परवाना फक्त मायक्रोलाइटचा. शाळेच्या शिक्षकाबरोबर मामांना पाठवणं शक्य होतं, पण मग ते कुठलंही पैसे देऊन केलेलं उड्डाण झालं असतं. मामांनी वजन कमी करावं ही सूचना मामींची होती, ती लग्नापासून प्रलंबित आहे.

मार्ग निघाला तो सिस्टरांमुळे. त्या कपडे-हेडसेटसह ६५ किलो. ९९ आणि ६५, एकशे चौसष्ट. १८९ मधून उरले २५ किलो, म्हणजे चौतीस लिटर पेट्रोल. तितकंही नको, २५ लिटर पुरे. एकूण वजन ४४३, सात किलो हातचे, आणि पावणेदोन तासांहून जास्त उडता येईल एवढं इंधन चाळीस मिनिटांच्या फेरीला. त्याच आसनांवर, त्याच विमानात. फक्त जावई जमिनीवर.

त्याला हे पटायला वेळ लागला. मामांना जराही लागला नाही. मला वाटतं, जावयाचं दुखणं समजून घ्यायला हवं, हसण्यावारी न्यायला नको. हप्ते भरून, पावसापाण्याचे शनिवार-रविवार घालवून जो परवाना मिळवला, तो दाखवायची माणसं जगात दोन-चारच असतात, आणि त्यातलं एक समोर बसलेलं. "तुम्ही चालवणार नाही होय?" असं मामांनी सहज विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. पण दोन आसनी मायक्रोलाइटची मालकी म्हणजे शेवटी या १८९ किलोंची मालकी. ते कुणावर खर्च करायचे हे रोज नव्याने ठरवावं लागतं, आणि वैमानिक हाही त्यातला एक खर्चच असतो. नात्यांचा क्रम काट्याला कळत नाही.

सिस्टरांनी आपल्याकडून अटी घातल्या. गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झालेली असल्याशिवाय प्रवासी नेता येत नाही. त्यांची झालेली होती, तरी आदल्या दिवशी त्यांनी मामांच्या वजनाइतक्या भाराचा अंदाज यावा म्हणून प्लंबरला शेजारी बसवून तीन सर्किट मारली, म्हणजे टेकऑफ, पट्टीभोवती फेरी आणि लँडिंग. प्लंबर मामांच्या जवळपास भरतो, त्यामुळे ती रंगीत तालीमच झाली. त्यांनी ठरवलेली वेळ संध्याकाळी सहा. रात्री पाऊस झाला होता, सकाळी गवत भिजलेलं असणार, दुपारी उन्हाने हवेत उकळी. संध्याकाळपर्यंत गवत सुकतं, हवा बसते आणि जुलैत नऊपर्यंत उजेड असतो. सुक्या गवताला वीस टक्केच धरायचे: ४०४ मीटर. आता ४८० च्या पट्टीत जागा दिसायला लागली.

एक अडचण उरली. टाकी भरलेली होती. आमची पद्धत अशी की उतरल्यावर टाकी भरून ठेवायची, म्हणजे आत दमट हवेचं पाणी साठत नाही आणि पुढच्याला तयार विमान मिळतं. एकट्याने उडणाऱ्याला ही पद्धत छान. दोघांना नाही. मग प्लंबरने नळी लावून चाळीस लिटर कॅनमध्ये काढलं, शेजारी अग्निशामक ठेवून, विमानाला आणि कॅनला अर्थिंग करून. तेवढ्या कामाला टेकऑफपासून लँडिंगपर्यंतच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला.

उड्डाण

मामांच्या गुडघ्यांचा प्रश्न आधीच सोडवला होता. सी-४२ मध्ये चढायचं म्हणजे आधी पाठ करून आसनाच्या कडेला टेकायचं, मग पाय एकेक आत घ्यायचे. हे त्यांच्याकडून हँगरमध्ये करून घेतलं, उतरण्याचंही, घाईत उतरायची वेळ आली तर कसं तेही. विमान चालवायची दांडी दोघांच्या मध्ये एकच असते, तिला मांडी लागता कामा नये. सिस्टरांनी दांडी पूर्ण डावी, पूर्ण उजवी करून बघितली. मोबाइल काढून घेतला, कारण तो सटकून दांडीच्या बुडाशी अडकला तर वर काही करता येत नाही. समोरच्या पाटीवर लिहिलं होतं की हे विमान आंतरराष्ट्रीय निकषांनुसार प्रमाणित केलेलं नाही. मामांनी चष्मा लावून ते वाचलं, अर्थ विचारला, आणि म्हणाले की एसटीतही असं लिहायला पाहिजे.

टेकऑफला विमान पट्टीच्या निम्म्याच्या जरा पुढे उचललं. फेरी बेडफर्डच्या दक्षिणेला, नदीच्या कडेने आणि मग कार्डिंग्टनच्या दोन प्रचंड शेडांकडे. या शेडा खूप दुरूनही दिसतात. इथूनच ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी आर-१०१ हे वायूवर तरंगणारं अवाढव्य हवाई जहाज कराचीला निघालं होतं, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या. ते मुळात अपेक्षेपेक्षा जड झालं होतं. उचल वाढावी म्हणून मधोमध कापून वायूचा एक जादा कप्पा बसवला, चाचण्या उरकल्या आणि विमानमंत्री लॉर्ड थॉमसन यांना घेऊन ते ठरल्या तारखेला निघालं. त्याच रात्री फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ जण गेले. कारणं अनेक होती, पाऊस-वारा होता, पुढच्या भागात वायू गळाल्याचं चौकशीत मानलं गेलं. पण पाहुणे ठरलेले, तारीख ठरलेली आणि वजनाला जागा नाही, हे दृश्य आमच्या हँगरमधल्या आठवडाभराच्या बोलण्यानंतर मला फार परकं वाटलं नाही.

उतरल्यावर मामांनी जे सांगितलं त्यात शेडा नव्हत्याच. गव्हाची रानं, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वरून कशा आखल्यासारख्या दिसतात, आणि सिस्टर एका हाताने किती हलकं धरतात. "दोन बोटांनी चालवलं बाईंनी," हे त्यांनी जावयाला दोनदा सांगितलं. मग विजयपत सिंघानियांनी १९८८ मध्ये लंडनहून अहमदाबादपर्यंत मायक्रोलाइट नेलं होतं ना, असं विचारलं. नेलं होतं. "एकटेच होते ना ते?" एकटेच होते. मामांनी मान हलवली, काट्यावरचा माणूस हलवतो तशी.

नंतर

भागीदारीच्या करारात एक कलम बदललं. उतरल्यावर टाकी भरायची नाही, २५ लिटर ठेवायचं. जो उडवणार त्याने आपल्याला लागेल तेवढं घालायचं आणि हँगरच्या दारावरच्या फळ्यावर किती आहे ते खडूने लिहायचं. यावर प्लंबर नाराज आहे. तो नेहमी एकटा उडतो, त्याला भरली टाकी लागते, आणि आता दर खेपेला दोन कॅन पेट्रोल पंपावरून तोच वाहून आणतो. तेही इथेनॉल कमी असलेलं महागातलं, कारण साध्या पेट्रोलमध्ये २०२१ पासून दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या नळ्यांना ते सोसत नाही असं त्याचं म्हणणं. त्याच्या नाराजीत तथ्य आहे. पाणी साठण्याचा धोकाही वाढला, म्हणून उड्डाणापूर्वी तळाच्या नळीतून नमुना काढून बघायचं काम आता कुणी टाळत नाही.

फळ्यावर आणखी चार ओळी आल्या: चौघांची कपड्यांसकट वजनं. माझ्या नावापुढचा आकडा मी सांगणार नाही. पण मी आणि जावई मिळून विमानात बसलो तर किती पेट्रोल घालता येतं हे आता येणारा-जाणारा कुणीही काढू शकतो.

जावई ६०० किलोच्या वर्गातल्या नव्या विमानाचा हिस्सा बघतो आहे. जाहिराती चकचकीत असतात. त्यातल्या एका विक्रेत्याने रिकामं वजन ३२० सांगितलं, वजनपत्रक मागितल्यावर ते ३४७ निघालं. तरीही २५३ किलो उरतात. मामा ९९, जावई ८६, उरले ६८, म्हणजे नव्वदहून जास्त लिटर. हिस्सा आमच्यापेक्षा तिपटीने महाग आहे आणि बायकोचं मत अजून यायचं आहे. मामा पुढच्या उन्हाळ्यात येणार म्हणतात.